झोळीतले साहेब

ओढा ओलांडताना शेवाळावरून पाय सटकला आणि जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. निमकर पडले. नडगीचं हाड मोडलं. जीप डोंगराखाली राहिली होती. पाड्यावरच्या चौघांनी बांबूला घोंगडी बांधली, साहेबांना तीत निजवलं आणि पायवाटेनं उतरायला लागले.

"घाबरू नका," पुढे खांदा दिलेला दित्या म्हणाला. "आम्हाला सवय आहे. मागच्या पावसात माझ्या बायकोला असंच नेलं. बाळ अडलं होतं."

"मग?"

"वाटेतच गेली. बाळ पण गेलं." त्याने खांद्यावरचा बांबू सावरला. "पाड्यात उपकेंद्र होतं तवा सिस्टरबाई इथंच राहायची. कुणीतरी ते बंद केलं."

निमकरांनी घोंगडीची कड घट्ट धरली. पेशंट कमी येतात म्हणून ते उपकेंद्र त्यांनीच रस्त्यालगतच्या गावात हलवलं होतं. तेव्हा पाडा बघायलासुद्धा ते आले नव्हते.

"तुम्ही मोठ्या हापिसातले. कोणी बंद केलं, तेवढं विचारा की, साहेब."

'मीच' हा शब्द ओठांवर आला. पण या चौघांच्याच खांद्यांवर लटकत असताना तो उच्चारायचं धाडस होईना.

"विचारतो," ते म्हणाले.

"लई उपकार होतील."

खांदे बदलायला झोळी टेकवली, तेव्हा दित्याने डोक्याचा फडका सोडून, ऊन लागू नये म्हणून, साहेबांच्या तोंडावर पांघरला. तोंड झाकलं गेलं, याचंच निमकरांना बरं वाटलं.