पाण्याची पाळी

कडूबाईचं कार्ड येऊन दोन महिने झाले होते आणि रंगनाथमास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या चार ओळी होत्या. "तुम्ही शिकवल्याप्रमाणे टोळीत सगळी कामं पाळीनं देते. टोपलं, फावडं, पाणी. सोमवारपासून पाणी पाजायची पाळी धुरपताबाईची आहे. ती बौद्धवाड्यातली. बाया गप झाल्या आहेत. पाळी देऊ का?"

मास्तरांनी तीनदा उत्तर लिहायला घेतलं. पहिल्यात पुस्तकातलं वाक्य आलं, दुसऱ्यात भीती दिसली, तिसरं कोरंच राहिलं. नामांतरावरून घरं जळाली त्याला अजून वर्ष होत नव्हतं. आपल्या एका ओळीनं काही पेटलं तर, असं ते स्वतःला सांगत राहिले.

आज ते देवगाव फाट्याजवळच्या पाझर तलावावर आले होते, संस्थेचे सचिव आबासाहेब यांच्या जीपमधून. रोजगार हमीवरच्या कडूबाईसारख्या टोळीप्रमुख बायांना संस्था शिक्षण द्यायची आणि शिकवायचे मास्तर. बैठक गोल बसवा. ज्याला त्याला बोलू द्या. प्रमुखानं शेवटी बोलावं, जमलं तर बोलूच नये.

बाया गोल बसल्या होत्या. कुणी कुणाच्या पुढं नाही, कुणी मागं नाही. मास्तरांनी वीस डोकी मोजली. धुरपताबाई त्यांत नव्हती.

"मोकळेपणानं बोला," आबासाहेब म्हणाले आणि पंधरा मिनिटं स्वतःच बोलले.

"आमी बोलावं तर तुमी थांबायला पायजे, सायेब," म्हातारी सरजाबाई म्हणाली. बाया पदरात हसल्या. आबासाहेबही हसले.

"बरं, सांगा. पाण्याची पाळी बंद केलीत म्हणे, का?"

"समद्यायनं मिळून ठरवलं," एक म्हणाली. "पाणी आता सुमनबाईच पाजती."

"विरोधात कोण होतं?"

"कोणीच न्हाई."

"एकमतानं," आबासाहेबांनी वहीत लिहिलं. "बघा रंगनाथराव, तुमच्या शिकवण्याचं फळ. जिल्ह्यात अशी टोळी नसेल. आदर्श टोळी म्हणून हिचंच नाव धाडू."

सुमनबाईनं रांजणातून पेला भरून आधी मास्तरांपुढं धरला. राहू द्या, असं म्हणायला हवं होतं. मास्तरांनी पेला रिकामा केला. पाणी गार होतं. ते पोटात गेलं तशी त्यांना स्वतःची शिसारी आली. कुणाच्या तरी ताटातलं उष्टं खाल्ल्यासारखी.

आबासाहेब भराव बघायला गेले. कडूबाई टोपली एकात एक रचत होती. मास्तर तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"तुमचं कार्ड मिळालं होतं, कडूबाई."

"मिळालंच असंल. पोस्टमन चांगलाय हितला."

"धुरपताबाई कुठं असतात?"

"पल्याड खडी फोडायलीय. एकलीच." तिनं टोपली खाली ठेवली. "बायांला मी म्हणलं, मास्तरांचं उत्तर येऊ द्या. त्याबी थांबल्या, खोटं कशाला बोलू. पंधरा दिस रांजणाला कोणी हात लावला न्हाई, जी ती घरून पाणी आणायली. रोज इचारायच्या, आलं का कार्ड? बन्सीधर पोस्टमन आला की समद्या जमायच्या. कार्ड आलं तर तो समद्यायपुढंच वाचतो."

"आणि मग?"

"मग सुमनबाई म्हणली, मास्तरच गप हायेत, समजून घ्या की. धुरपता माझ्याकडं बघायली. तुमी शिकवलं व्हतं, परमुखानं बोलू न्हाई. तुमी न्हाई बोललात. मीबी न्हाई बोलले." ती पुन्हा टोपली उचलू लागली. "ती उठून गेली. बैठक लय चांगली झाली, मास्तर. कोणी भांडलं न्हाई."

मास्तरांनी शिकवलेलं एवढं तंतोतंत कुणी पाळलं नव्हतं.

परत निघाल्यावर फाट्यावर आबासाहेब चहाला थांबले. मास्तर समोरच्या पोस्टात शिरले. बन्सीधर टपाल लावत बसला होता.

"एक अंतर्देशीय पत्र द्या."

ते हातात घेतलं आणि मास्तरांनी परत केलं. "नको. साधं कार्ड द्या."

"कार्ड उघडं असतंय, मास्तर. मी वाचलं म्हंजी समद्या तलावानं वाचलं."

"ठाऊक आहे."

त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं. अक्षरं मोठी काढली. 'पाळी धुरपताबाईंचीच होती. दोन महिने मी भ्यालो, म्हणून लिहिलं नाही. त्यांना घेऊन या आणि रांजण त्यांच्या हाती द्या. सोमवारी मी येतो. पहिला पेला मी पिणार.' खाली पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

"माझ्यापाशीच द्या की," बन्सीधर म्हणाला. "उद्या तिकडंच जायलोय."

त्याच्याकडे दिलं असतं, तर जीप सुरू व्हायच्या आत परत मागता आलं असतं.

"नको. पेटीत टाकतो."

आबासाहेब रस्त्यापलीकडून हाका मारत होते. मास्तरांनी कार्ड फटीतून आत सोडलं. मग दोन बोटं आत घालून पाहिली. ती कार्डापर्यंत पोचली नाहीत.