उरलेली दहा मिनिटं

नानांनी ‘अनुपम’ या नावाने अकरावी सूचना लिहिली आणि चष्मा काढून डोळे पुसले. मुलगा जाऊन तीन महिने झाले होते. त्याच्या नावाने सुनेला फसवायचं काम अजून काही त्यांच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

पडद्यावर लगेच उत्तर आलं. ‘बदललं. पुढचं?’

प्रणिता पलीकडच्या खोलीत होती. दुपारी दोन ते चार ती दार लावून बसायची.

“वैनी कामात हायत वाटतं,” भांडी घासायला आलेली वनिता म्हणाली. “बरं झालं, नाना. तेवढंच मन रमंल.”

नानांनी चष्मा लावून पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

अनुपम आणि प्रणिता एकाच कंपनीचं काम भिसेगावच्या या घरातूनच करत. अनुपमने एक साधन बनवलं होतं. एखादा प्रोग्राम रेंगाळायला लागला की त्याचा वेळ नेमका कुठे जातो, ते शोधून देणारं. ते वापरणार होते एआय एजंट, म्हणजे आपलं आपण काम उरकणारे प्रोग्राम. त्यांच्यासाठी माहितीची पानं लिहायची होती. अनुपम मराठीत खर्डा करी, प्रणिता त्याचं इंग्रजी करी. खर्डा अर्ध्यावर राहिला आणि अनुपम गेला.

पंधरा दिवसांपूर्वी नानांनी मुलाचा लॅपटॉप सहज उघडला होता. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. खर्ड्यातलं एक मोघम वाक्य दिसल्यावर गप्प कसा बसणार? त्यांनी बाजूला टिपण लिहिलं, ‘कळलं असेल असं धरू नये. स्पष्ट सांगावं.’ टिपणाखाली नाव आपोआप उमटलं : अनुपम. ते कसं खोडायचं याची शोधाशोध चालली होती तोच उत्तर आलं. ‘बरं. बदललं.’ नवराबायको एकच खातं वापरत, त्यामुळे उत्तराखालीही तेच नाव होतं. आणि वाक्य खरोखरच सुधारलेलं होतं.

नानांच्या काळजात चर्र झालं. पोरीला काय वाटलं असेल! पण त्याच संध्याकाळी प्रणिताने पहिल्यांदा भात मागून घेतला. मग नानांना थांबवेना.

खरं सांगायचं तर त्यांनाही बरं वाटत होतं. खोट्या नावाने का होईना, त्या घरात कोणीतरी कोणाशी बोलत होतं.

आज शेवटचं पान होतं. नानांनी लिहिलं, ‘इथे उदाहरण हवं.’

ओळी उमटू लागल्या. ‘शाळेपासून घर दहा मिनिटांवर. मुलगा चाळीस मिनिटांनी पोचतो. त्याच्या मागे मागे फिरू नये. थोड्या थोड्या वेळाने तो कुठे आहे, तेवढंच बघावं. जिथे जास्त वेळा सापडेल, तिथे वेळ जातो आहे.’

नानांना हसू आलं. तो मुलगा म्हणजे अनुपमच. नाना रोज फाटकात उभे राहायचे. शेवटी कंटाळून त्यांनी वाटेवर विचारपूस करून गणित मांडलं होतं. चालायला दहा मिनिटं. सायकलच्या दुकानात पाच. पुलावर पंधरा, घाट चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावतात ते बघत. उरलेली दहा मिनिटं मात्र कधीच सापडली नाहीत. छडी खाल्ली, पण पोराने तोंड उघडलं नाही.

अनुपमने हे बायकोला सांगितलं असणार.

हे पान संपलं की अनुपम पुन्हा जाणार होता, आणि या वेळी त्यांच्याच हातून. प्रणिताला ते सोसेल का? त्याआधी खरं सांगून टाकायला हवं होतं. नाना उठले आणि त्यांनी पलीकडचं दार ठोठावलं.

“काय झालं, नाना?”

“रागवायचं तर रागाव गं बाळा. त्या पानांवर अनुपमच्या नावाने मी लिहीत होतो. तू उत्तरं देत होतीस, मला वाटलं तुला आधार होतोय.”

“कुठल्या पानांवर?”

“त्याच्या साधनाच्या.”

“नाना, मी ती पानं उघडलीच नाहीत. तो गेल्यापासून माझा लॅपटॉप कपाटात आहे. मला धीरच होत नाही. मी इथे नुसती बसून असते.”

“मग त्या दिवशी भात मागून घेतलास तो?”

“भूक लागली होती, नाना.”

नाना परत आले. खुर्चीत बसले. चष्मा लावला. पान उघडंच होतं. उदाहरणाखाली एक नवी ओळ आली होती.

‘कळलं असेल असं धरलं होतं, नाना. उरलेली दहा मिनिटं मी कोपऱ्यावर उभा राहून तुम्हाला माझी वाट बघताना बघायचो.’