गर्दीतलं कुरळं डोकं

या मंडळी, अशा जवळ बसा, एका आईची गोष्ट सांगते.

नीलांबरीकाकू डेट्रॉईटला उतरल्या आणि विमानतळावरच्या गर्दीत लेकाचे, केदारचे, कुरळे केस शोधू लागल्या. वर्षभर त्याच्या फोनचा कॅमेरा म्हणे बिघडलेला होता. कुरळं डोकं दिसलं की त्या धावत. वाटेत आलेल्या एका टकलू माणसाला त्यांनी दोनदा "एक्स्क्यूज मी" म्हणत बाजूला सारलं.

तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आई, मीच गं!"

काकू ओरडल्याच, "मेल्या, आई जिवंत असताना मुंडण करतात का रे?"



"केमोत गेले गं केस. डॉक्टर म्हणाले, आता आईला बोलावून घ्या."

मंडळी, आज हरिनाम घ्याल तेव्हा केदारची आठवण असू द्या.