बायकांची साक्ष

“खोटंच रचायचं असतं, तर त्यात बायकांची नावं कोणी घातली असती?” पास्टर घनश्याम यांनी फळ्यावर ‘पुरावा’ असं लिहून खाली रेघ मारली. सावंगीतल्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात रविवारच्या वर्गाला वीसेक माणसं बसली होती. “त्या काळी बाईची साक्ष कोर्टात फारशी धरत नसत. तरी शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी लिहिलं, येशू मरणातून उठला तेव्हा त्याची रिकामी कबर आधी बायकांनी पाहिली. अडचणीचं होतं, पण खोडलं नाही. म्हणून जाणकार म्हणतात, हे रचलेलं नाही.”

“आमेन,” पुढच्या खुर्चीवरून नत्थूजी म्हणाले. मंडळीच्या कमिटीचे ते प्रमुख. प्रार्थनाघराची जागा त्यांनीच दिलेली.

मागच्या सतरंजीवरून वच्छलाबाई उठली.

“पास्टरजी, माह्या साक्षीचं काय झालं?”

घनश्यामनी खडू खाली ठेवला. “कमिटीत झालं ते, बाई. आता वर्ग आहे.”

“इथं कामाले होती ते पोरगी, रिंकू, चहा करून राह्यली होती मागच्या खोलीत. या नत्थूजीनं तिचा हात धरला. ती रडे, तरी सोडे नाई. म्या पाह्यलं. ते बिचारी काम सोडून आष्टीले निघून गेली, अन् हे अजून खुर्चीवरच.”

कोणी मान वर केली नाही. नत्थूजी रुमालानं चष्मा पुसत राहिले.

“कमिटीच्या माणसावर आरोप असला तं दोन साक्षीदार लागतात,” घनश्याम म्हणाले. “तुमी एकल्याच. अजून कोणी पाह्यलं काय?”

वच्छलाबाईनं छायाकडे पाहिलं. छाया पास्टरची बायको, फळ्याजवळ वर्गाकडे तोंड करून बसलेली. त्या दिवशी ती वच्छलाबाईच्या शेजारीच दारात उभी होती. आता ती मान खाली घालून वहीत लिहीत होती.

“सांगा नं, छायाताई.”

छायाचं पेन थांबलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग नत्थूजींकडे.

“मले तं काई दिसलं नाई,” ती म्हणाली.

कोणीतरी सुस्कारा सोडला.

“बसा, बाई,” घनश्याम हलकेच म्हणाले. “नत्थूजी, शेवटची प्रार्थना तुमी घ्या.”

नत्थूजी उठले. त्यांनी दोन्ही हात वर केले. सगळ्यांनी डोळे मिटले. वच्छलाबाईनं मिटले नाहीत. समोर छायाचेही उघडेच होते, भरून आलेले. दोघींची नजर भिडली, तशी छायानं पदर कपाळापर्यंत ओढला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.