दाराचा दगड

चौथीच्या वर्गात निरगुडेबाईंनी दगड ऐकायचं यंत्र टेबलावर मांडलं. दगडाने जन्मापासून ऐकलेलं सगळं ते क्रमाने वाजवायचं.

दुर्गीने वर्गाच्या दाराला अडसर म्हणून लावलेला काळा दगड उचलून आणला. "बाई, हा आमच्या खाणीतला. माझ्या बाबांनी फोडलेला."

दगड ठेवताच लाव्हारस खदखदला, मग थंड होताना तडतडला. पुढची कोट्यवधी वर्षांची शांतता यंत्राने भराभर ओलांडली. छिन्नीवर हातोडा पडू लागला, तशी दुर्गी हसली. शेवटी दाराची कुरकुर आली आणि पाठोपाठ मुख्याध्यापकांशी बोलणारा बाईंचाच आवाज. "खाणीवरच्या पोरांची नावं मी पेन्सिलीनेच लिहिते, सर. दिवाळीनंतर जातातच निघून. खोडायला बरं पडतं."

बाईंनी घाईने यंत्र बंद केलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"बाई, छिन्नीचा आवाज परत लावा ना," दुर्गी खाली बघत म्हणाली.

बाईंनी लावला. तो चालू असतानाच त्यांनी हजेरीपट उघडला, पेन्सिलीतलं शेवटचं नाव शोधलं आणि पेनाचं टोपण काढलं. तिथे नुसतं 'दुर्गी' होतं. तिच्या बाबांचं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.