डाग नसलेलं नाव

चौथा प्रश्न वाचून चष्मेवाल्याने फोन टेबलावर पालथा घातला आणि उगाचच काउंटरची काच पुसायला घेतली.

पहिले तीन प्रश्न सोपे होते. एकटेच येणार का? दारू पिता का? याआधी कधी आला होतात का? तिसऱ्याला त्याने ‘नाही, पहिल्यांदाच’ असं लिहून पाठवलं होतं. चौथ्यापाशी मात्र तो अडला. ‘ओळखपत्राचा फोटो पाठवा. चेहरा आणि जन्मतारीख झाकलीत तरी चालेल, पण नाव आणि क्रमांक स्पष्ट दिसायला हवेत. नव्या माणसाला हे चुकत नाही. तपासून झालं की पुसून टाकतो. कुणाला काही कळणार नाही.’

कुणाला काही कळणार नाही, हे पलीकडच्या बाईचं म्हणणं. गावातल्या निम्म्या नाकांवर त्याने बसवलेला चष्मा होता. शाळेतल्या बाई, बँकेतला कॅशियर, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळे त्याला काका म्हणायचे. त्यातलं कोण कुणाच्या ओळखीचं निघेल, काय सांगावं?

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. दिवसभर तो लोकांच्या कानामागे काड्या बसवायचा, कपाळावरचे केस बाजूला सारायचा, ‘टोचत नाही ना?’ विचारायचा. त्याला मात्र चार वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता. पैसे घेऊन का होईना, कुणीतरी तासभर शेजारी बसावं, हातावर हात ठेवावा, पुढचं पुढे, एवढंच त्याच्या मनात होतं. पण ते मनातल्या मनात म्हणतानाही त्याचे कान तापत.

दुपारची वेळ होती. त्याने शटर अर्धं ओढलं, मागच्या खोलीत काचा घासायच्या मशीनपाशी जाऊन बसला आणि खालचा खण उघडला.

खणात जावयाच्या ओळखपत्राची प्रत होती. गेल्या वर्षी घराच्या कागदांवर लेकीचं आणि जावयाचं नाव चढवलं, तेव्हा दोन प्रती काढल्या होत्या. त्यातली एक उरली होती.

जावई दूरच्या शहरात राहायचा. इथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. कामानिमित्त महिन्यातून एक चक्कर असायची, पण सासऱ्यांना आपला त्रास नको म्हणून तो लॉजवरच उतरायचा. येताना फळं आणायचा, वाकून नमस्कार करायचा, मोजकं बोलायचा. चष्मेवाला चारचौघांत अभिमानाने सांगायचा, ‘माझ्या जावईबापूंकडे बोट दाखवायला जागा नाही.’ अशा माणसाचं नाव आपण कुठे नेऊन ठेवतोय, असं त्याच्या मनात आलं. तरी त्याने चेहऱ्यावर आणि तारखेवर अंगठा ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोटो काढून पाठवला.

‘तपासून फोन करते,’ असं उत्तर आलं.

पाचच मिनिटांत फोन वाजला. त्याने घाईघाईने उचलला. लेक होती.

“बाबा, जेवलात?”

“जेवलो. तू आज मधेच कसा फोन केलास?”

“सहजच.”

“जावईबापू काय म्हणतात?” त्याने उघडा खण पायाने आत ढकलला.

“दौऱ्यावर गेलेत.” मग म्हणाली, “बाबा, मी येऊन राहू का थोडे दिवस?”

ती घरात असली की कुठे निघालात, कधी येणार, हा कुठला शर्ट घातलात, सगळं विचारणार. आणि आज तिच्याच नवऱ्याचं नाव सांगून आपण बसलोय. तिच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा?

“आत्ता नको गं,” तो म्हणाला. “घराला रंग द्यायचाय. सगळं सामान मधे पडलंय. पुढच्या महिन्यात ये की. दोघंही या.”

“बरं,” ती म्हणाली.

“रागावलीस?”

“नाही हो. तब्येतीला जपा.”

फोन ठेवल्यावर त्याने तोंडावर पाणी मारलं. भिंतीवरच्या आरशात त्याला स्वतःचाच चेहरा परका वाटला. हे सगळं सोडून द्यावं, ‘चुकून मेसेज गेला’ म्हणावं, असं ठरवून तो वळला, तोच फोन पुन्हा वाजला.

पलीकडच्या बाईचा आवाज दवाखान्यात नंबर लावणाऱ्या बाईसारखा कोरडा होता. तिने जावयाचं नाव वडिलांच्या नावासकट वाचून दाखवलं. “तुम्हीच ना हे?”

नाही म्हणायची ही शेवटची वेळ होती. पण नाही म्हटलं की खरं नाव सांगणं आलं.

“हो. मीच.”

“कार्ड तुमचंच?”

“माझंच.”

“नक्की?”

“अहो, खोटं कशाला सांगू?” तो जरा चिडूनच म्हणाला.

“मग ऐका,” बाई म्हणाली. “पहिल्यांदाच येतोय म्हणालात. नंबर बदलला म्हणून माणूस बदलत नाही. या धंद्यातल्या आम्ही सगळ्याजणी एकमेकींना एक यादी पाठवत असतो आणि तुमचं नाव तीत सहा महिन्यांपासून आहे. तुम्ही जिचा हात मोडलात, तिला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही. ती ओरडली तेव्हा तिला काय म्हणाला होतात, आठवतंय? ‘घरी बायको रोज मुकाट्याने सोसते, तुलाच काय झालं?’”