शववाहिनीचा स्वे बार

ड्रायव्हरच्या बाहीवर ग्रीसचा डाग. सुट्टीच्या दिवशी जागेवर नसलेली शववाहिनी. गाडीच्या पोटाखाली एक नवाकोरा जाड दांडा, जो मालकाने कधी मागवलाच नव्हता.

मालकाच्या मनात पाल चुकचुकली. त्याने तडक गॅरेजवाल्याला गाठलं.

"स्वे बार आहे तो. वळणावर गाडी कलत नाही त्याने. शर्यतवाले बसवून घेतात. तुमच्या ड्रायव्हरने पदरमोड करून बसवलाय."

पदरमोड! स्वतःच्या खिशाला चाट लावून दुसऱ्याची गाडी सजवणारा माणूस मालकाने जन्मात पाहिला नव्हता. नक्कीच हा कसला तरी माल पळवत असणार. शववाहिनीला रस्त्यात अडवतंय कोण?

"खरं काय ते बोल, नाहीतर किल्ली ठेव आणि चालू लाग," मालक ड्रायव्हरवर कडाडला. "काय पळवतोस माझ्या गाडीतून?"

"काही नाही, मालक."

"मग मेलेल्या माणसाला वळणांचा काय त्रास होतो रे?"

"त्यांना नाही होत," एवढंच बोलून ड्रायव्हरने किल्ली टेबलावर ठेवली.

चोराच्या मनात चांदणं, म्हणत मालकाने ती खिशात टाकली.



या नोकरीला लागण्याच्या वर्षभर आधी ड्रायव्हर याच गाडीत मागे बसला होता, आणि दवाखान्यापासून घरापर्यंत प्रत्येक वळणावर त्याने आईचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.